घारीविरुद्ध ठराव

बाग म्हणजे काय, याविषयी आमच्या पडेगावच्या कॉलनीत दोन मतं नाहीत. बाग म्हणजे चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, आत गट्टू बसवलेला गोल रस्ता, त्या रस्त्यावर पोट कमी करायला आलेली माणसं, लोखंडी बाकं, हिरव्या-पिवळ्या रंगांची व्यायामाची यंत्रं आणि दर पन्नास पावलांवर एक सिमेंटचा पेंग्विन. हा पेंग्विन आ वासून उभा असतो. त्याच्या पोटावर 'माझा वापर करा' असं लिहिलेलं असतं. लोकही आज्ञाधारक, कचरा अगदी त्याच्या पायाशी नेऊन टाकतात. दक्षिण ध्रुवाकडचा हा पक्षी मराठवाड्याच्या मे महिन्यात टकाटक उभा असतो, पण त्याला इथे राहण्याचा अधिकार आहे का, असं कुणी कधी विचारलं नाही. बागेत बदक चालतं, ससा चालतो, कोरड्या कारंज्यात एका पायावर उभा असलेला बगळाही चालतो. अट एकच. प्राणी सिमेंटचा हवा.

यंदा आमच्या बागेत एक जिवंत पक्षी राहायला आला, आणि कॉलनीची तातडीची सभा भरली.

पक्षी म्हणजे घार. बागेच्या कोपऱ्यात एक जुना कडुनिंब आहे. कॉलनी होण्यापूर्वी इथे शेत होतं, त्या शेताच्या बांधावरचा. त्याच्या वरच्या बेचक्यात डिसेंबरात काड्या जमायला लागल्या. काड्यांनंतर तारेचे तुकडे आले, चिंध्या आल्या, एक पायमोजा आला (तो माझा होता, दुसरा अजून घरी आहे), आणि एक पांढरी प्लॅस्टिकची पिशवी आली. फेब्रुवारीअखेर कडुनिंबाची पानं गळाली तेव्हा सगळा संसार उघडा पडला. मार्चात घरट्याच्या काठावर कापसाच्या बोळ्यांसारखी दोन डोकी दिसायला लागली. आणि सकाळी फिरायला येणाऱ्या सभासदांच्या डोक्यावरून घार सुसाट जाऊ लागली.

ठरावाचा मसुदा सेक्रेटरींनी स्वतः लिहिला. 'सदर घार ही बागेत विनापरवाना वास्तव्य करीत असून सभासदांस उपद्रव देत आहे, सबब सदर वृक्ष समूळ तोडण्याची परवानगी मिळणेबाबत' वगैरे. सही करायला कागद माझ्याकडे आला. मी सही केली नाही. का केली नाही हे सभेत सांगायला उभा राहिलो, तर 'वेळ संपली, चहा घ्या' असं सांगण्यात आलं. आमच्या सभांमध्ये विरोधी मत नेहमी चहाच्या वेळेलाच उभं राहतं. तेव्हा जे तिथे बोलायचं होतं ते इथे लिहितो. इथे निदान मला कुणी बिस्किटं पुढे करून गप्प बसवणार नाही.

पहिला मुद्दा असा होता, की घार अंगावर येते. येते. मी ते नाकारत नाही. ती मागून येते, आवाज न करता येते आणि डोक्याच्या चार बोटं वरून निघून जाते. एखाद्याच्या टाळूला नखही लागतं. पण ती कुणाच्या अंगावर येते? जो नेमका त्या कडुनिंबाखाली उभा राहून हात वर-खाली करतो त्याच्या. आमच्या व्यायाम मंडळाची जागा तीच. वीस माणसं एकदम हात वर करून 'हा हा हा' असं मोठ्यांदा हसतात. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून हसतात. खाली वीस माणसं कारणाशिवाय हसताहेत आणि वर आपली दोन पिल्लं उघडी पडली आहेत, अशा वेळी कुठल्या आईनं काय समजायचं?

आमचे माळीमामा शिकलेले नाहीत, म्हणून त्यांना हे लगेच कळलं. ते म्हणाले, "सायेब, बाळंतीण हाय ती. बाळंतिणीच्या खोलीत जाऊन कुनी पीटी करतं का?"

घरी मी ही हकिगत सांगितली. ही भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, आपली मुलं तान्ही होती तेव्हा मी तरी काय वेगळं करत होते? पेपरवाल्याच्या अंगावर जायचे, दूधवाल्याच्या जायचे. तुम्ही दार जोरात लावलंत की तुमच्यासुद्धा." हे मात्र खरं आहे. त्या काळात मी घरात चपला हातात घेऊन वावरत असे. पण म्हणून आमची इमारत समूळ तोडावी असा ठराव कुणी मांडला नव्हता.

बरं, हा राग जन्मभराचा नाही. घार दोन किंवा तीन अंडी घालते, महिनाभर उबवते, आणि पुढे सहा-सात आठवड्यांत पिल्लं उडून जातात. म्हणजे ठराव झाला त्या दिवशी उरले होते चार-पाच आठवडे. आता हिशेब करा. गणपतीचे दहा दिवस रस्ता बंद असतो, आपण वळसा घालून जातो. नवरात्रात जातो. कुणाच्या मुलाचं लग्न असलं की मांडव सरळ रस्त्यात आडवा पडतो. आपण स्कूटर बंद करून, मांडवाच्या दोऱ्या चुकवत, वरून नवऱ्या मुलाच्या काकांना नमस्कार करत जातो. केबलसाठी खणलेला खड्डा तर आम्ही दोन पावसाळे ओलांडला, आणि तेही एकमेकांना हात देत, खेळीमेळीनं. इतकं सोसणाऱ्या माणसाला एका झाडाभोवतीचे वीस फूट चार आठवडे सोडता येत नाहीत? दोन बांबू, एक दोरी आणि 'घरट्यात पिल्ले आहेत, पलीकडून जावे' अशी एक पाटी, एवढाच खर्च आहे. आणि पलीकडून जाणं अगदीच जिवावर आलं, तर छत्री उघडून जावं. मार्चात उन्हासाठी एरवीही उघडावीच लागते.

दुसरा मुद्दा जास्त भावनिक होता. घार शिकारी, क्रूर, अमंगळ. तिच्या तोंडातून हाडं पडतात, आणि ती नेमकी पहिल्या लाइनीतल्या शाकाहारी गच्चीवर पडतात. त्यापेक्षा कबुतरं बरी, गरीब बिचारी! ज्या गृहस्थांनी हे सांगितलं ते रोज सकाळी अर्धा किलो ज्वारी कबुतरांना टाकतात. त्या कबुतरांमुळे आम्ही गच्चीवर पापड घालू शकत नाही. कबुतरांची विष्ठा आणि पिसं यांची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर माणसाला दम्याहून वाईट विकार जडू शकतो, असं छातीचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगतात; २०२५ साली मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढं रण माजलं, ते पेपरात वाचलं असेल. पण कबुतर दिसतं गरीब. मान हलवतं, घुमतं, कुणाच्या अंगावर येत नाही. आपल्याकडे गरीब चेहऱ्याच्या माणसाला शंभर गुन्हे माफ असतात आणि ज्याची नजर सरळ असते त्याच्याविरुद्ध ठराव होतो.

नजरेवरून आठवलं. लग्नाच्या बाजारात घाऱ्या डोळ्यांचं आपल्याला केवढं कौतुक! 'गोरी, घाऱ्या डोळ्यांची' एवढ्या दोन शब्दांवर पत्रिका जुळतात. आमच्या बागेतल्या घारीला जवळून पाहिलंत तर तिचे डोळे घारे नसतात, चांगले गडद तपकिरी असतात. म्हणजे तिच्या नावावर मिरवतात ते डोळेही तिचे नाहीत. आईच्या मायेवर निबंध लिहायचा झाला की आपण पहिल्याच परिच्छेदात घारीला आकाशात फिरवतो आणि तिचा जीव पिलांपाशी ठेवतो. दहापैकी आठ मार्क तिथेच मिळतात. तोच जीव खरोखर पिलांपाशी असलेला बागेत दिसला की आपण कुऱ्हाड मागवतो. निबंधातली घार चालते. सिमेंटच्या पेंग्विनसारखीच.

जाता जाता घारीच्या नवऱ्याबद्दलही दोन शब्द बोललं पाहिजे, कारण दुसरं कोणी बोलणार नाही. मराठीत घार स्त्रीलिंगीच. नर-मादी दिसायलाही सारखेच. मादी पिलांवर बसलेली असते तेव्हा भक्ष्य आणण्याचं काम मुख्यतः नर करतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत उंदीर, घुशीचं पिल्लू, कत्तलखान्याबाहेरचा तुकडा, जे मिळेल ते आणून घरट्यावर टाकतो आणि पुन्हा निघतो. पण निबंधात त्याचं नाव नाही, व्याकरणात त्याला जागा नाही. मला या पक्ष्याबद्दल विशेष आपुलकी का वाटते, हे विवाहित वाचकांना वेगळं सांगायला नको.

तिसरा मुद्दा म्हणजे, 'ही घार इथे आलीच का? जंगलात जावं!' हा प्रश्न विचारताना सेक्रेटरींनी टेबलावर मूठ आपटली. उत्तर द्यायला तसं सोपं आहे. पडेगाव म्हणजे छावणी संपली की नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुढे मिटमिटा, त्याच्यापुढे दौलताबादचा किल्ला. छावणीतली जुनी झाडं, इथली शेतं, शेळ्या-मेंढ्यांचं सरकारी प्रक्षेत्र, मोकळं माळरान, हा सगळा घारींचा जुना मुलूख. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली, तेव्हा आपल्या या घारीला त्यानं शास्त्रीय नाव दिलं 'गोविंदा'. ते आजही तसंच चालू आहे, 'मिल्व्हस मायग्रन्स गोविंदा'. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं २०२३ साली; घारीचं नाव १८३२ पासून बदललेलं नाही. मूळ रहिवासी कोण, याची चौकशी करायचीच झाली तर आमच्या कॉलनीनं जरा जपून बोललेलं बरं. आमचा सातबारा अजून पुरता साफ नाही.

आणि ती आमच्या दारात कशी आली, तेही ऐका. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या गावकऱ्यांनी शहराच्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. वर्षानुवर्षं साऱ्या शहराचा कचरा त्यांच्या उशाशी पडत होता. त्यांचं चुकलं नाही. मग गाड्या जागा शोधत फिरल्या. मार्चात त्या आमच्या बाजूला, मिटमिट्याकडे आल्या, तर दगडफेक, लाठीमार, जाळपोळ. शहरात महिनोन्‌महिने रस्त्यारस्त्याला कचऱ्याचे डोंगर उभे होते. पुढे कचऱ्यावर प्रक्रिया करायच्या जागा ठरल्या, त्यात चिकलठाणा, हर्सूल आणि आमचं पडेगाव. नावातच 'पडे' म्हटल्यावर काही ना काही पडणारच. हे सगळं घारीनं वरून पाहिलं. तिला जाहीर निवेदन द्यावं लागलं नाही. आपण दररोज टनावारी ताट वाढून ठेवायचं, आणि पाहुणी पानावर बसली की 'आमंत्रण कुणी दिलं' म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

दिल्लीत घारींची दाटी फार. तिथे निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं घरटी मोजून काढली, आणि २०१९ साली लिहून ठेवलं की माणसांवर झडप घालण्याचं प्रमाण माणसांनीच पुरवलेल्या अन्नाशी, म्हणजे मुख्यतः उघड्यावरच्या उकिरड्याशी आणि घारींना मांस घालण्याच्या रिवाजाशी बांधलेलं आहे. थोडक्यात, घारीचा उपद्रव ही आपल्याच डब्याची परतफेड आहे. झाड तोडून तो थांबायचा नाही. ती शेजारच्या निलगिरीवर जाईल. थांबवायचाच असेल तर पेंग्विनच्या पायाशी पडलेलं उष्टं त्याच्या तोंडात घालावं लागेल. पण त्यासाठी वाकावं लागतं. कुऱ्हाड उभ्यानं चालवता येते. शिवाय ती दुसराच कोणी चालवतो.

असा ठराव करणारी आमची सोसायटी जगात पहिली नाही, हे कळल्यावर मला अभिमान वाटावा की लाज, ते ठरेना. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्क नावाची अवाढव्य बाग आहे. १९९१ साली तिथे तांबड्या शेपटीचा एक फिकट रंगाचा ससाणा आला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'पेल मेल', म्हणजे फिकट नर. (पहा, तिथे नवऱ्याची नोंद होते.) दोन वर्षांनी त्यानं बागेसमोरच्या फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या एका श्रीमंत इमारतीच्या उंच खिडकीवर घरटं केलं. गंमत अशी, की खिडकीवर कबुतरं बसू नयेत म्हणून लोखंडी खिळे ठोकलेले होते. त्याच खिळ्यांत काड्या अडकून घरटं घट्ट बसलं. पुढे तिथे पिल्लं वाढली, लोक बागेत दुर्बिणी लावून बसू लागले. डिसेंबर २००४ मध्ये इमारतीच्या मंडळानं घरटंही काढलं आणि खिळेही. तक्रार आमच्यासारखीच. घाण पडते, उंदरांची हाडं पडतात.

मग काय झालं? न्यूयॉर्कची माणसं थंडीत फलक घेऊन इमारतीसमोर उभी राहिली. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या ससाण्याच्या बाजूनं हॉर्न वाजवू लागल्या. (हॉर्न वाजवून पक्ष्याला पाठिंबा देता येतो, हे कळलं असतं तर आमच्या गावानं जगातले सगळे पक्षी वाचवले असते.) त्याच इमारतीत राहणारी मेरी टायलर मूर ही नामांकित नटी स्वतःच्या मंडळाविरुद्ध बोलली. दोन-तीन आठवड्यांत मंडळाला माघार घ्यावी लागली, आणि खिळे परत बसले. ती माणसं आपल्यापेक्षा थोर आहेत असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याकडेही सेक्रेटरी असतातच. फरक इतकाच, की तिथे सभेनंतर काही लोक चहा न घेता बाहेर पडले.

घारीचं न्यूयॉर्कच्या ससाण्याइतकं कौतुक करा, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की गिधाडांच्या वेळी जे झालं ते आठवा. मेलेलं गुरू गावाबाहेर ओढून टाकलं की गिधाडं तासाभरात हाडं मोकळी करायची. त्यांनाही आपण अमंगळच म्हणत होतो. गुरांना देण्याच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं ती पटापट मेली; २००६ साली ते औषध गुरांसाठी बंद झालं, तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. त्यांच्याविरुद्ध ठरावही करावा लागला नाही. मागे राहिली मढी, कुत्री आणि रोगराई. २०२४ साली दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत देशात सुमारे पाच लाख माणसं जास्त दगावली असावीत. अमंगळ पक्ष्याचा पगार किती होता, हे तो गेल्यावर कळलं. घार त्याच खात्यातली, खालच्या श्रेणीची कर्मचारी. रजा नाही, बोनस नाही, संप नाही. आणि आपण तिला क्वार्टर्स सोडायची नोटीस देतो आहोत.

राहिला कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा. त्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्याची अंडी फोडणं आणि घरटं विस्कटणंही बसतं. नागरी भागातल्या झाडांसाठी राज्याचा १९७५ चा वेगळा कायदा आहे. परवानगीवाचून झाडाला कुऱ्हाड लावता येत नाही. हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "म्हणूनच तर अर्ज करतोय ना साहेब! सगळं रीतसर."

अर्ज गेला आहे. तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल, त्रुटी निघतील, नकाशाची प्रत मागवतील, पाहणीला यायचा माणूस निवडणुकीच्या कामाला जाईल, आणि तोवर दोन्ही पिल्लं उडून गेलेली असतील. व्यवहारी माणूस म्हणून मी स्वस्थ बसायला हरकत नव्हती. माझे दोन-तीन मित्र तेच सांगतात, "कशाला वाईटपणा घेतोस? फाइलच वाचवेल तिला."

पण मला ती फाइलनं वाचायला नको आहे. फाइलनं वाचली तर पुढच्या डिसेंबरात ती पुन्हा काड्या घेऊन येईल, तेव्हा फाइल निकाली निघालेली असेल. आमची पोरं रोज संध्याकाळी त्या झाडाकडे बोट करून 'आज पंख पसरले', 'आज काठावर आलं' असं एकमेकांना सांगतात. त्यांना मोठेपणी आठवलं पाहिजे, की आपल्या बागेत दोन पिल्लं होती आणि मोठी माणसं महिनाभर पलीकडून गेली. कायदा होता म्हणून नव्हे, कागद सापडला नाही म्हणून नव्हे. वर कुणी बाळंतीण आहे, एवढं पुरेसं वाटलं म्हणून.

दोरी मी विकत आणली आहे. बांबू माळीमामांकडे आहेत. पाटीवरचं अक्षर आमच्या हिचं. आता दोरीचं दुसरं टोक धरायला कॉलनीतून एक माणूस हवा आहे. छत्री मी देईन.